नऊ कोर्स, तीन डॉक्टर आणि एक कॅरीबॅग: नाकातल्या पॉलिपची एक केस

मी लातूरला कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करतो. ही केस पेशंटला विचारूनच लिहितोय. वय, गाव, घरची माणसं यात थोडी अदलाबदल केलीय, पण तपासण्यांचे आकडे आणि आमच्याकडून राहून गेलेल्या गोष्टी तशाच ठेवल्यात, त्यासाठीच तर लिहायला बसलो. हल्ली आठवड्याला एक तरी पेशंट मोबाइलवर ड्युपिलुमॅबसारख्या महागड्या बायोलॉजिक इंजेक्शनची माहिती पुढं करून विचारतो, "सर, हे इंजेक्शन घेतलं की ऑपरेशन टळतं का?" आता याला हो म्हणावं तर पंचाईत आणि नाही म्हणावं तरी पंचाईत.

पार्श्वभूमी

पेशंट बाई, वय ४४. ट्यूशन एरियात मेस चालवतात, दोन टाइमचे मिळून साठ-पासष्ट डबे, खाणारी सगळी मेडिकलच्या नीट परीक्षेची तयारी करणारी पोरं-पोरी. पोरं मावशी म्हणतात म्हणून आमचा स्टाफ पण मावशी म्हणायला लागला आणि मग मीही. नवरा औसा तालुक्यात शेती बघतो, सोयाबीन आणि तूर, मुलगा पुण्यात कंपनीत, सून इथं मेसला हाताशी.

नाकाचं दुखणं जुनं. तिशीत शिंका सुरू झाल्या, सकाळी उठलं की आधी पंधरा-वीस शिंका आणि मग चहा. छत्तिसाव्या वर्षी दमा निघाला. २०१८ ला दुसऱ्या एका शहरात दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, "नाकातलं मांस काढलं" एवढंच त्यांना सांगता येत होतं, डिस्चार्ज कार्ड कुठं गेलं पत्ता नाही. वर्ष-दीड वर्ष बरं गेलं आणि परत नाक गच्च.

माझ्याकडं पहिल्यांदा आल्या त्या जून २०२४ मध्ये. दुर्बीण घातली तर दोन्ही बाजूंना पॉलिप, सोललेल्या द्राक्षासारखे फिकट आणि ओलसर, डावीकडचा तर पार खालपर्यंत उतरलेला. (आपल्याकडं नाक बंद म्हणलं की "हाड वाढलंय" हे ठरलेलं असतं. पॉलिप म्हणजे हाड नाही, हा कॅन्सर पण नाही, सायनसचं आतलं अस्तर वर्षानुवर्षं सुजून सुजून लोंबायला लागतं ते हे.) पॉलिपला एका बाजूला शून्य ते चार असे मार्क देतात, मावशींना आठपैकी सहा. सिटी स्कॅनचा लुंड-मॅके स्कोअर २४ पैकी १९, म्हणजे जवळजवळ सगळे सायनस भरलेले.

वास चार वर्षांपासून नव्हता, आणि हे त्यांनी स्वतःहून सांगितलंच नाही, मी विचारलं तेव्हा "ते तर कधीचंच गेलंय की" असं म्हणाल्या, जणू जुना मोबाइल हरवला होता. मग हळूहळू निघालं. फोडणी त्या कानानं करायच्या, मोहरी तडतडायची थांबली की कांदा टाकायचा, कांद्याचा रंग बघून मसाला. खारट-आंबट जिभेला कळायचं, पण येसर मसाला ताजा आहे का जुना हे कळायचं नाही, म्हणून चव बघायला सून. एकदा सून बाहेरून आली तर दारातच ओरडली, शेगडीचं बटन अर्धवट उघडं राहिलेलं आणि मावशी तिथंच बसून मेथी निवडत होत्या. हे सांगताना त्या हसत होत्या, सून हसत नव्हती.

अडचण नेमकी कुठं होती

पहिल्या भेटीत मी केलं ते नेहमीचंच. स्टिरॉइडच्या गोळ्यांचा दहा दिवसांचा कोर्स, नाकात मारायचा स्प्रे, मिठाच्या पाण्यानं नाक धुणं. आठव्या दिवशी फोन, "सर, चमत्कार झाला बघा, आंब्याचा वास आला." पाच आठवड्यांत सगळं परत जिथल्या तिथं. ऑगस्टमध्ये मी दुसरा कोर्स दिला. हे मी इथं मुद्दाम लिहितोय, कारण दुसरा कोर्स लिहिताना मागच्या वर्षभरात किती झाले हे मी विचारलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये शुगर वाढली म्हणून फिजिशियननी पाठवलं, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ७.४. तेव्हा मी म्हणलं घरात असतील तेवढी सगळी बिलं, पाकिटं, चिठ्ठ्या घेऊन या. दुसऱ्या दिवशी सून एक कॅरीबॅग घेऊन आली आणि टेबलावर उलटी केली. त्यात माझ्या चिठ्ठ्या, छातीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं आणि गावाकडच्या डॉक्टरांच्या कागदी पुड्या, त्यातल्या दोन पुड्यांत अजून गोळ्या होत्या, बारक्या पांढऱ्या, नाव नाही गाव नाही. गावाकडच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सरळ सांगितलं की प्रेडनिसोलोन होती, म्हणजे स्टिरॉइडच, पेशंट धापा टाकत येतो तेव्हा मी दुसरं काय देणार. त्यांचंही खरंच होतं.

मग पेन घेऊन बेरीज केली. माझे दोन कोर्स, ३० मिलिग्रॅम दहा दिवस, म्हणजे ६००. छातीच्या डॉक्टरांचे तीन, ४० मिलिग्रॅम पाच दिवस, ते ६००. पुड्या चार वेळा, दर वेळी साधारण १०० मिलिग्रॅम, ते ४००. बारा महिन्यांत नऊ कोर्स आणि १,६०० मिलिग्रॅम, वर गुडघ्यासाठी कमरेत दिलेली लांब पल्ल्याची दोन स्टिरॉइड इंजेक्शनं वेगळीच. दम्याच्या पेशंटवरच्या अभ्यासात आयुष्यभराची बेरीज अर्धा ते एक ग्रॅम झाली तरी शुगर, हाडं, डोळ्यांचे दुष्परिणाम वाढताना दिसलेत, इथं एका वर्षात दीड ग्रॅमच्या वर. आणि तिघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की आपण तर दोन-चार वेळाच दिलंय.

त्याच कॅरीबॅगेत आणखी एक गोष्ट सापडली, डायक्लोफेनॅकच्या स्ट्रिपा. गुडघा दुखला की एक. मी तारखा लावत बसलो तर दोन वेळा डायक्लोफेनॅकच्या बिलाच्या दुसऱ्याच दिवशी नेब्युलायझरचं बिल. विचारलं तर मावशी म्हणाल्या, "गोळी घेतली की तासाभरात छाती भरायची, मला वाटायचं गुडघ्याचं दुखणं वर सरकूलालंय." दमा, पॉलिप आणि ॲस्पिरिनच्या जातीच्या पेनकिलरची रिॲक्शन, हे त्रिकूट पुस्तकात १९२२ पासून आहे आणि मी ते दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवतो, पण जून ते सप्टेंबर तीन महिने माझ्याकडच्या पेशंटला विचारलं नाही. असे पेशंट वेगळे, त्यांचे पॉलिप ऑपरेशननंतर लवकर परत येतात, म्हणजे आख्खा हिशोबच बदलतो.

समोर कोणते पर्याय होते

चाललंय ते चालू द्यायचं हा पर्याय शुगरनंच बंद केला होता.

दुसरं ऑपरेशन. माझा हात आपोआप तिकडं जातो, सर्जनला सगळीकडं सर्जरीच दिसते. पण इथं कारणही होतं, स्कॅन नीट बघितला तर २०१८ च्या ऑपरेशनमध्ये पॉलिप काढले होते पण मधले एथमॉइडचे कप्पे बरेचसे तसेच बंद, कपाळाच्या सायनसचा रस्ता उघडलाच नव्हता. म्हणजे "ऑपरेशन करूनही परत आलं" असं म्हणायला ऑपरेशन पुरतं झालं पाहिजे ना. व्यवस्थित उघडलं तर नाक धुताना औषध आतपर्यंत जातं, खर्च एकदाच, आणि बायोलॉजिकच्या वर्षभराच्या खर्चापेक्षा बराच कमी. विरुद्ध बाजूला पेनकिलरची रिॲक्शन, म्हणजे परत येण्याची भीती जास्त, आणि मावशींचा ठाम नकार. मागच्या वेळी नाकातल्या पट्ट्या काढताना जे झालं ते त्या विसरल्या नव्हत्या, शिवाय पंधरा दिवस शेगडीपासून लांब राहायचं तर पासष्ट पोरं दुसरी मेस बघणार.

ॲस्पिरिन डिसेन्सिटायझेशन, म्हणजे दवाखान्यात ॲडमिट करून थेंबाथेंबानं ॲस्पिरिनची सवय लावायची आणि मग रोज मोठ्या डोसमध्ये चालू ठेवायची. छातीच्या डॉक्टरांनी विषय काढला, पण मावशींना ॲसिडिटीचा जुना त्रास, एकदा काळी शी झाल्याचा इतिहास, म्हणजे पोटात रक्तस्रावाची शंका. तिथंच थांबलो.

मग बायोलॉजिक. हा आजार बहुतेक जणांत ज्याला टाइप-टू सूज म्हणतात त्या जातीचा असतो, शरीरानं जंतांशी लढायला ठेवलेली यंत्रणा नाकातच विनाकारण चालू राहते, इओसिनोफिल नावाच्या पेशी गोळा होतात, आणि आयएल-४, आयएल-५, आयएल-१३ असे निरोप एकमेकींना जात राहतात. ही इंजेक्शनं म्हणजे त्यातला एखादा निरोप मधल्यामधे अडवणारी अँटिबॉडी. ओमालिझुमॅब आयजीई ही ॲलर्जीची अँटिबॉडी पकडतं, मेपोलिझुमॅब आयएल-५, आणि ड्युपिलुमॅब आयएल-४ व १३ या दोघांचं मिळून जे एक कुलूप असतं तेच बंद करतं. अमेरिकेत पॉलिपसाठी मान्यता आधी ड्युपिलुमॅबला मिळाली २०१९ मध्ये, मग ओमालिझुमॅबला २०२० आणि मेपोलिझुमॅबला २०२१.

इंजेक्शन द्यायचं का, हे कसं ठरवलं

इपॉस २०२० या युरोपियन गाइडलाइनमध्ये बायोलॉजिक कुणाला द्यायचं याचे पाच निकष आहेत आणि ऑपरेशन झालेल्या, दोन्ही बाजूंना पॉलिप असलेल्या पेशंटमध्ये त्यातले तीन जुळले पाहिजेत: टाइप-टू सुजेचा पुरावा, वर्षात तोंडाच्या स्टिरॉइडचे दोन किंवा जास्त कोर्स, त्रासाचा स्नॉट-२२ स्कोअर ४० किंवा वर, वास जवळजवळ गेलेला, आणि दमा. स्नॉट-२२ म्हणजे २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५, एकूण ११०. मावशींचा ६३. पाचपैकी चार तर बसल्याबसल्या जुळले.

तीन पुरे असले तरी पाचवा, टाइप-टू सुजेचा, मात्र अडला, आणि औषध चालतं ते याच सुजेवर. रक्तात इओसिनोफिल ९०. निकष २५० चा. कागदावर बघणारा म्हणाला असता टाइप-टू नाही, बायोलॉजिकचा उपयोग नाही. पण तपासणीची तारीख बघितली तर ऑगस्टच्या माझ्याच कोर्सचा सहावा दिवस! स्टिरॉइड चालू असताना इओसिनोफिल खाली बसतात, हे एमबीबीएसचं ज्ञान. गोळ्या बंद करून पाच आठवड्यांनी परत केलं तेव्हा ६२०. आयजीई २१०. ती पहिली लॅब स्लिप घेऊन पेशंट दुसऱ्या कुणाकडं गेला असता तर केस तिथंच संपली असती.

यानंतर मी एक निर्णय घेतला जो मावशींना आवडला नाही, आठ आठवडे फक्त बेसिक गोष्टी नीट करायच्या. कारण त्यांना नाक कसं धुता ते समोर करून दाखवा म्हणलं तर बाटली आडवी धरून दोन पिचकाऱ्या, तेही बोअरच्या पाण्यानं, न उकळता. आपल्याकडचं बोअरचं पाणी आधीच जड, नाकात झोंबतं म्हणून दोन दिवसांत बंद केलेलं. ज्या शहरात २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं रोज अर्धा लिटर पाणी नाक धुवायला वापरा म्हणताना मलाच कसंतरी होतं, पण इलाज नाही. उकळून गार केलेलं पाणी, त्यात मीठ-सोड्याची पुडी, वर बुडेसोनाइड या स्टिरॉइडचं एक रेस्प्यूल (नेब्युलायझरमध्ये टाकतात ती बारकी बाटली), डोकं पुढं वाकवून, तोंड उघडं ठेवून, दोन्ही बाजूंनी आख्खी बाटली. स्प्रे मारताना नळी नाकाच्या पडद्याकडं नाही, कानाकडं वळवायची. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन कायमचं बंद, गुडघ्याला पॅरासिटामॉल.

आठ आठवड्यांनी स्नॉट-२२ ६३ वरून ५२. वास शून्य. पॉलिप तसेच. म्हणजे बेसिक उपचारांनी थोडं हललं, पुरेसं नाही. "दोन महिने वाया घालवले माझे," मावशी म्हणाल्या. मला नाही वाटत वाया गेले, त्याशिवाय एवढं महाग औषध लिहायला माझा हात उठला नसता, पण त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हणलं असतं.

कोणतं इंजेक्शन, यावर छातीच्या डॉक्टरांचं आणि माझं जमलं नाही. त्यांना मेपोलिझुमॅब हवं होतं, चार आठवड्यांतून एकदा, दम्यात त्यांचा हात बसलेला. मला ड्युपिलुमॅब, कारण या दोघांची समोरासमोर तुलना नसली तरी पॉलिप आणि विशेषतः वास यात त्याचे आकडे जास्त चांगले दिसतात, आणि या बाईचं पोट वासावर चालतं. लॅन्सेटमध्ये २०१९ ला आलेल्या दोन चाचण्यांत, एकीत २७६ आणि दुसरीत ४४८ पेशंट, २४ आठवड्यांनी पॉलिपचा स्कोअर नुसत्या स्प्रेच्या तुलनेत २.०६ आणि १.८० नं जास्त उतरला. शेवटी आम्ही मावशींनाच विचारलं, दमा जास्त छळतो का वास नसणं? उत्तर द्यायला त्यांना एक सेकंद पण लागला नाही.

एक गोष्ट मात्र मी स्पीकरवर मुलाला आणि समोर मावशींना तीनदा सांगितली. हे औषध आजार मुळापासून काढत नाही. त्याच पहिल्या चाचणीत २४ आठवड्यांनी औषध थांबवलं तेव्हा त्रास हळूहळू परत वर सरकत गेला. मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, हे ईएमआयसारखं आहे." मी म्हणलं, हो, फक्त यात शेवटचा हप्ता कधी ते माहीत नाही.

काय केलं

सुरू करायच्या आधी दोन तपासण्या अशा केल्या ज्या मोठ्या शहरातले लोक कधी कधी सोडून देतात. एक, शी तीन वेळा तपासली. टाइप-टू यंत्रणा जंतांविरुद्धच असते, ती अडवायची तर आधी पोटात जंत नाहीत ना हे बघायला पाहिजे, आणि मावशी सुट्टीत रानात अनवाणी जाणार. अंकुशकृमीची अंडी निघाली. अल्बेंडाझोल देऊन परत तपासून मगच पुढं. दोन, दमा आणि इओसिनोफिल दोन्ही असताना रक्तवाहिन्यांच्या सुजेचा एक आजार मागं लपलेला असू शकतो, त्यासाठी अँका ही रक्ततपासणी, लघवी, हातापायाच्या मुंग्या. सगळं स्वच्छ.

नोव्हेंबर २०२४ च्या शेवटी पहिलं इंजेक्शन, ३०० मिलिग्रॅम, पोटावर, बेंबीपासून दोन इंच लांब. माझ्या क्लिनिकमध्येच दिलं आणि सुनेला शिकवलं. फ्रीजमधून काढून पाऊण तास बाहेर ठेवायचं, गरम पाण्यात धरायचं नाही, हलवायचं नाही, मांडीवर किंवा पोटावर, दर वेळी जागा बदलून. दर दोन आठवड्यांनी. स्प्रे आणि नाक धुणं चालूच, चाचण्यांत पण औषध स्प्रेच्या जोडीलाच दिलं होतं, त्याऐवजी नाही.

फ्रीजचा प्रश्न मला सुचला नव्हता. मेसचा फ्रीज दिवसात शंभरदा उघडतो. सुनेनं वरच्या मजल्यावरच्या घरमालकिणीच्या फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात स्टीलचा डबा ठेवला, वर पट्टी चिकटवून "हात लावू नये".

वास मोजायला इथं परदेशी किट नाही. आम्ही चार बारक्या डब्या केल्या, हिंग, वेलदोडा, कॉफी, भाजलेलं जिरं, डोळे बांधून एकेक नाकाखाली धरायची. कापूर घ्यायचा नाही, तो झोंबतो आणि झोंबणं वेगळ्या नसेचं काम, वास नसलेल्या माणसालाही कापूर "कळतो". सुरुवातीला चारपैकी शून्य.

मधल्या अडचणी

पहिला क्लेम इन्शुरन्सनं परत पाठवला, मुलाच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडील होते, कारण दिलं "ॲडमिशनची गरज नाही". आयआरडीएआय या विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०१९ च्या गाइडलाइनमध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी होती जी पॉलिसीतून सरसकट वगळता येत नव्हती, त्यात इंजेक्शननं द्यायची मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे हे औषध ज्या जातीचं ती, स्पष्ट लिहिली होती. तो संदर्भ, स्टिरॉइडची बेरीज, शुगरचे रिपोर्ट आणि इपॉसचे निकष असं दोन पानी पत्र मी लिहिलं, डे-केअर म्हणून परत टाकलं, तेव्हा काही भाग निघाला, कारण अशा उपचारांना त्या पॉलिसीत वेगळी मर्यादा होती. बाकी घरून, आणि काही डोस औषध कंपनीच्या पेशंट सवलत योजनेतून. किमती आणि अटी सारख्या बदलतात म्हणून आकडा लिहीत नाही, पण त्या वर्षी सोयाबीनला जो भाव होता त्यात शेतीच्या भरवशावर हे झालं नसतं एवढं सांगतो.

दहाव्या आठवड्यात डोळे लाल. मावशी म्हणाल्या तिखटाचा धूर. खरं तर हे या औषधाच्या माहीत असलेल्या दुष्परिणामांपैकी, मी आधी सांगायला हवं होतं. साध्या थेंबांनी गेलं. इओसिनोफिल तिसऱ्या महिन्यात १,१०० वर गेले, हेही होतं, पेशी नाकात शिरायच्या थांबतात आणि रक्तात साठतात, लक्ष ठेवलं, नंतर उतरले.

एप्रिलमध्ये खरा घोटाळा झाला. पुण्याहून ट्रॅव्हल्सनं थर्माकोलच्या डब्यात दोन पेन आले, गाडी वाटेत बंद पडलेली, डबा सकाळी सहाऐवजी दुपारी दोनला हातात, बाहेर ४१ डिग्री, आतले जेलपॅक पार कोमट. हे औषध फ्रीजबाहेर ठेवायचंच झालं तर २५ डिग्रीपर्यंत आणि जास्तीत जास्त चौदा दिवस. आतलं तापमान किती गेलं सांगायला डब्यात काही नव्हतं. सून रडवेली, "सर, दिसायला तर चांगलंच आहे." दिसण्यावर जाऊ नका म्हणून मी दोन्ही बाद करायला लावले आणि रात्रभर झोप आली नाही, कारण ते पैसे माझे नव्हते. नवीन येईपर्यंत दोनऐवजी तीन आठवडे झाले. नाकाला त्यानं काहीच फरक पडला नाही.

आणि मे मध्ये, नीट संपून मेस रिकामी झाल्यावर, मावशींनी "आता बरंच हाय की" म्हणून दम्याचा पंप बंद केला. दहा दिवसांत रात्री शिट्ट्या. बायोलॉजिक चालू असताना पंप पेशंटनं आपल्या मनानं सोडायचा नाही, हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे होतं, मी बोललो होतो फक्त.

निकाल

पहिला वास पाचव्या आठवड्यात आला, म्हणजे दोन-तीन इंजेक्शनांनंतर, आणि तो मेसच्या मागच्या नालीचा होता. मावशींनी जागेच्या मालकाशी भांडण काढलं की ही नाली चार वर्षं अशीच घाण होती आणि मला कुणी सांगितलं नाही. दोनच दिवसांनी येळवस (वेळ अमावस्येचा सण), रानात भज्जीची भाजी आणि अंबिल, तिथून सुनेनं फोन केला की मावशी अंबिलाच्या मडक्यात तोंड घालून बसल्यात.

सोळाव्या आठवड्यात स्नॉट-२२ ३१, डब्या चारपैकी दोन. सहा महिन्यांनी २२, पॉलिप सहावरून दोन, डब्या तीन, वेलदोडा अजून कळत नाही. एक वर्षानं स्नॉट-२२ २४. नोव्हेंबर २०२४ पासून तोंडाचं स्टिरॉइड फक्त एकदा, पंप सोडल्यावर. एचबीएवनसी ६.५, त्यात मेटफॉर्मिनचा वाटा आहेच, सगळं श्रेय इंजेक्शनला देणार नाही.

पैशांचा ताण मात्र कमी झाला नाही. ऑगस्ट २०२५ पासून दोनऐवजी चार आठवड्यांनी द्यायला लागलो. हा जुगाड नाही, मोठ्या चाचणीतल्या एका गटाला पहिले २४ आठवडे दोन आठवड्यांनी आणि नंतर ५२ आठवड्यांपर्यंत चार आठवड्यांनीच दिलं होतं आणि फायदा बऱ्यापैकी टिकला होता. मावशींचाही टिकलाय, फक्त चौथ्या आठवड्यात नाक थोडं भरल्यासारखं वाटतं.

परत अशी केस आली तर

पहिल्याच भेटीत कॅरीबॅग मागवेन. हे लिहायला सोपं आहे, ओपीडीत सत्तर पेशंट असताना जमतं का, तर आता आम्ही रिसेप्शनवरच तीन प्रश्नांचा कागद ठेवलाय: वर्षात पांढऱ्या बारक्या गोळ्या किंवा कमरेत इंजेक्शन किती वेळा, पेनकिलरनं दम लागतो का, फोडणीचा वास येतो का. तिसऱ्या प्रश्नाला पेशंट हसतात, पण उत्तर खरं देतात.

रक्ततपासणी स्टिरॉइड सुरू करायच्या आधी. आधी जमलं नसेल तर कोर्स संपल्यावर निदान चार आठवडे थांबून.

औषध मागवताना डब्यात तापमान नोंदवणारी चिप असेल तरच घ्यायचं, नाहीतर आपला माणूस पाठवून रात्रीच्या रेल्वेनं आणायचं. एप्रिल-मे चे डोस मार्चमध्येच आणून ठेवलेले बरे.

ऑपरेशन आधी की इंजेक्शन आधी, यावर माझं मत अजून पन्नास-पन्नास आहे. अर्धवट झालेलं ऑपरेशन नीट पुरं करून मग लागलं तर इंजेक्शन, असं केलं असतं तर कदाचित आज कमी खर्चात इथंच असतो, किंवा पेनकिलरच्या रिॲक्शनमुळं दोन वर्षांत परत तेच, आणि नाकातल्या पट्ट्यांची दुसरी आठवण. पेशंटनं ठरवलं ते मी मानलं, पण ठरवायच्या आधी खर्चाचा कागद दोन्ही पर्यायांचा तीन वर्षांचा मांडून द्यायला हवा होता, मी एका वर्षाचाच दिला.

गावाकडच्या डॉक्टरांना मी पहिल्या फोननंतर विसरलो होतो. मध्यंतरी गेलो होतो औशाला, त्यांना भेटून आलो. मावशींच्या घरमालकिणीच्या फ्रीजच्या दारावर आता एक कागद आहे, पुढच्या तीन इंजेक्शनांच्या तारखा, नाक आठवडाभर गच्च राहिलं तर परत दोन आठवड्यांवर यायचं ही सूचना, आणि खाली तिन्ही डॉक्टरांचे नंबर. कुणीही स्टिरॉइड दिलं की त्यानं उरलेल्या दोघांना मेसेज टाकायचा असं ठरलंय. गावाकडच्या डॉक्टरांचा एक मेसेज आलाही, डिसेंबरमध्ये: "पेशंट आली होती. साधी सर्दी. काही दिलं नाही. भज्जी घेऊन आली होती."